पणजोबांचं पदक, ११० वी मराठा पलटण आणि कुटचा वेढा

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका घरात पणजोबांचं पहिल्या महायुद्धातलं पदक आहे. पिवळसर धातूचं, एका बाजूला पंखवाली स्त्री, आणि कडेवर झिजलेल्या इंग्रजी अक्षरांत शिपाई, नाव आणि '११० महारट्टा एल. आय.' एवढं वाचता येतं. घरात सांगतात की पणजोबा आजच्या इराकमधल्या कुट गावच्या वेढ्यात अडकले, घोड्याचं मांस खायला त्यांनी नकार दिला, तुर्कांच्या कैदेत गेले आणि लढाई संपल्यावर परतले. बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरला विचारलं तर हाती काही लागलं नाही. गावच्या पुस्तिकेत पलटणीचा इतिहास छापायचा आहे, तर काय लिहावं?

आधी पदकाकडे बघू. ते व्हिक्टरी मेडल आहे. मागच्या बाजूला १९१४–१९१९ असं असेल. त्यावरून पणजोबा १९१९ पर्यंत लढत होते असा अर्थ काढू नका. तहाची सही १९१९ मध्ये झाली म्हणून ते साल सगळ्यांच्याच पदकावर आहे. गावोगावच्या संगमरवरी पाट्यांवरही 'या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले' याच्यापुढे तेच साल असतं.

हे पदक एकटं कधी मिळत नसे, त्याच्या जोडीला चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल असायचंच. तुमच्या घरात ते नाही, कारण बहुतेक ते सोनाराकडे गेलं. कोकणात आणि घाटावर मी पाहिलेल्या घरांतून चांदीचं पदक वितळवलेलं आणि पितळी वाटणारं उरलेलं, हेच चित्र जास्त दिसतं. हमाल, बिगारी, लेबर कोअरमधल्या लोकांना मात्र वॉर मेडल चांदीऐवजी ब्राँझचं दिलं जाई. तसं कोणाकडे निघालं तर तो माणूस बंदूकधारी पलटणीत नव्हता असं समजायला हरकत नाही.

आता खरा कळीचा मुद्दा. तुमच्याकडे तिसरं पदक होतं का? चारटोकी चांदणीसारखं, मधे आडव्या तलवारी आणि पट्टीवर १९१४-१५ लिहिलेलं. त्याला १९१४-१५ स्टार म्हणतात. ३१ डिसेंबर १९१५ पर्यंत रणभूमीवर पोचलेल्यालाच ते मिळे. कुटचा वेढा डिसेंबर १९१५ च्या पहिल्या आठवड्यात पडला आणि त्यानंतर बाहेरचा कोणी आत जाऊ शकला नाही. म्हणजे वेढ्यात असलेल्या प्रत्येक शिपायाचा त्या स्टारवर हक्क होता. स्टार ब्राँझचा, त्याला मोडीतही किंमत नाही, त्यामुळे तो सहसा कुठल्यातरी पेटीच्या तळाशी सापडतो. एकदा माळा नीट झाडून बघा. स्टार मिळालाच नव्हता असं कागदावरून सिद्ध झालं, तर कुटच्या वेढ्याची गोष्ट तिथेच संपते.

पण स्टार मिळाला म्हणून गोष्ट सिद्ध होत नाही. 'पणजोबा कुटला होते' याचे निदान चार अर्थ होतात.

त्यासाठी पलटणीची वाटचाल माहीत हवी. ही पलटण १७९७ साली उभी राहिली. पुढे ती मुंबई इलाख्याची १० वी नेटिव्ह इन्फन्ट्री. १९०३ मध्ये हिंदुस्थानचा सरसेनापती किचनेरने सगळ्या फौजेचे क्रमांक नव्याने लावले, तेव्हा मुंबई इलाख्याच्या पलटणींच्या जुन्या आकड्यात शंभर मिळवले गेले. ३ री झाली १०३, ५ वी १०५, १० वी ११०, तशाच ११४, ११६, ११७. यांतल्या पहिल्या तिघींनाच 'लाइट इन्फन्ट्री' ही पदवी होती, बाकीच्या नुसत्या 'महारट्टाज'. त्यामुळे कडेवरचा आकडा अर्धवट झिजला असला तरी 'एल. आय.' शिल्लक असेल तर शोध तीन पलटणींवर येतो. तुमच्या पदकावरचा ११० शेजारून बघितला तर ११६ किंवा ११७ वाटू शकतो, तेव्हा ही दोन अक्षरं भिंगाखाली पक्की करून घ्या. पॉलिश मात्र अजिबात लावू नका. आधीच निम्मं नाव लिंबू-राखेनं गेलंय.

एक गोष्ट बाजूला सांगून टाकतो, कारण पुस्तिकेत ती हमखास चुकते. 'मराठा पलटण' म्हणजे फक्त मराठा जातीची माणसं असं नव्हतं. या पलटणींत बहुसंख्य कंपन्या मराठ्यांच्या असत, पण दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या असत. कुटच्या खंदकात ते एकाच तुकडीत होते. उलट मराठी माणूस दिसला की तो मराठा पलटणीतलाच, हेही खरं नाही. खडकीचे बॉम्बे सॅपर्स, पायोनियर, ग्रेनेडियर यांतही आपल्याकडची भरती मोठी होती. महारांची भरती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केली होती. १९१७ मध्ये माणसं कमी पडल्यावर १११ वी महार पलटण उभी केली आणि १९२१ पर्यंत मोडूनही टाकली. कोकणातले कितीतरी लोक तर पलटणीत नव्हतेच, ते जहाजांवर खलाशी होते. बुडालेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. तुमच्या गावच्या पाटीवरच्या आकड्यात असे लोकही असतील.

तर ११० वी. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९१४ मध्ये पुण्याची ६ वी डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, उतरली. तिच्या १८ व्या ब्रिगेडमध्ये ११० वी मराठा होती. १०३ आणि ११७ याही त्याच डिव्हिजनमध्ये. फाव इथं ६ नोव्हेंबरला पहिली तुकडी उतरली, त्याच महिन्यात बसरा पडलं. एप्रिल १९१५ मध्ये बसऱ्याजवळ शैबाची मोठी लढाई झाली. मग मेजर जनरल टाउनशेंड या डिव्हिजनला घेऊन तैग्रीस नदीच्या काठाकाठानं वर सरकत गेला. सप्टेंबरच्या अखेरीस त्यानं कुट जिंकलं. ही कुटची पहिली लढाई, आणि बरेच लोक यातच जखमी होऊन मागे गेले.

टाउनशेंड तिथं थांबला असता तर इतिहास वेगळा झाला असता. वरिष्ठांना बगदाद खुणावत होतं. २२ नोव्हेंबर १९१५ ला बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला, सलमान पाकच्या त्या प्राचीन कमानीच्या परिसरात, तुर्कांशी गाठ पडली आणि टाउनशेंडची सुमारे साडेचार हजार माणसं मारली गेली किंवा जखमी झाली. जखमींना स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांत घालून नदीपर्यंत आणलं. तिथून जहाजांच्या उघड्या डेकवर दिवसचे दिवस बसऱ्याकडे. या हलगर्जीपणावर पुढे लंडनमध्ये आयोग बसला, १९१७ मध्ये त्याचा अहवाल आला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेनला राजीनामा द्यावा लागला. तुमचे पणजोबा टेसिफॉनला जखमी झाले असतील तर वेढा पडण्याआधीच बसऱ्याला, तिथून मुंबईला पोचले असण्याची शक्यता आहे. तोही 'कुटवाला'च, पण वेढ्यातला नव्हे.

उरलेली डिव्हिजन माघार घेत ३ डिसेंबरला कुटमध्ये शिरली आणि काही दिवसांत तुर्कांनी फास आवळला. नदीनं तीन बाजूंनी वेढलेलं ते गाव. जवळजवळ पाच महिने ही माणसं तिथं होती. अन्नाची गोष्ट तुम्ही विचारली आहे म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

धान्य संपत आल्यावर ओढकामाचे घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. गोऱ्या शिपायांनी ते खाल्लं. हिंदी शिपायांनी बराच काळ नाकारलं. टाउनशेंडनं हिंदुस्थानातून धर्मगुरूंचे, आपत्काळात चालेल असे, निरोप मागवले, ते आले, तरी लोक हटेनात. त्यांचं म्हणणं साधं होतं. इथं कोणी परवानगी दिली म्हणून गावात कोण ऐकणार? परत गेल्यावर पंगतीला कोण बसवून घेईल, मुलीची सोयरीक कोण करील? मांस नाही आणि भाजीही नाही, म्हणून हिंदी पलटणींत स्कर्व्ही जोरात पसरली. हिरड्या सुजल्या, जुन्या जखमा उकलल्या. लोक रानातली पानं खुडून शिजवू लागले. शेवटी एप्रिल १९१६ मध्ये अधिकाऱ्यांनी कडक भूमिका घेतली आणि हजारो हिंदी शिपाई घोड्याचं मांस खाऊ लागले. त्याच महिन्यात विमानातून पिठाची पोती टाकायचा प्रयत्न झाला. वेढ्यातल्या फौजेला हवाई मार्गानं रसद पोचवण्याचा तो जगातला पहिलाच प्रयोग. काही पोती नदीत पडली, काही तुर्कांच्या हद्दीत. २९ एप्रिलला टाउनशेंडनं तोफा फोडून टाकून शरणागती दिली. सुमारे १३ हजार माणसं कैद झाली.

तेव्हा 'पणजोबांनी मांस नाकारलं' हे खरं असू शकतं, आणि एप्रिलमध्ये खाल्लं असेल तर ते त्यांनी घरी सांगितलं नसेल हेही तितकंच शक्य आहे. दोन्हींपैकी एक ठरवण्याचा पुरावा कुठल्याच दप्तरात मिळणार नाही. पुस्तिकेत 'घरात असं सांगितलं जातं' एवढंच लिहा. मला विचाराल तर त्यानं गोष्टीची किंमत कमी होत नाही.

आता चौथी शक्यता, जी कोणाच्या लक्षात येत नाही. कुटमध्ये अडकलेल्या पलटणींसाठी हिंदुस्थानातून कुमक येतच होती, ती वेढ्याबाहेर अडली. अशा माणसांच्या मिश्र तुकड्या करून त्यांना मदतीच्या फौजेत लढवलं. जानेवारी ते एप्रिल १९१६ या काळात शेख साद, वादी, हन्ना, दुजैला, सन्नैयात अशा एकामागून एक लढाया झाल्या. आतल्या १३ हजारांना सोडवायला निघालेल्या या फौजेनं सुमारे २३ हजार माणसं गमावली आणि वेढा काही फुटला नाही. पदकाच्या कडेवर मूळ पलटण ११०, घरात नाव कुटचं, आणि माणूस मात्र कुटपासून काही मैलांवर चिखलात.

याखेरीज कैदेत गेलेल्या पलटणी कागदावरून पुसल्या गेल्या नाहीत. डेपोतले लोक, बरे झालेले जखमी आणि नवे रंगरूट घेऊन त्या हिंदुस्थानात पुन्हा उभ्या केल्या. म्हणजे काही काळ ११० वी दोन ठिकाणी होती, एक तुर्कांच्या कैदेत आणि दुसरी भरती करत. १९१७ मध्ये भरती झालेला माणूसही ११० वाच. घरोघरच्या कथांत हे दोन्ही एकमेकांत मिसळतात, त्यात कोणाचा खोटेपणा नसतो.

मग ओळखायचं कसं? पदकाच्या कडेवर नावाच्या आधी शिपाई क्रमांक असतो. भरतीच्या क्रमानं तो वाढत जातो. त्याच पलटणीच्या, भरतीचं साल माहीत असलेल्या दोन-तीन माणसांचे क्रमांक मिळाले की तुमचा माणूस साधारण कधी भरती झाला हे कळतं. दुसरा उपाय घरातलाच, आणि माझ्या अनुभवात तो लष्करी कागदांपेक्षा जास्त उपयोगी पडतो. पणजोबांच्या मुलांच्या जन्मतारखा काढा. गावच्या जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर बघा. कुटच्या कैद्यांना तुर्कांशी झालेल्या मुदरोसच्या तहानंतर, म्हणजे ३० ऑक्टोबर १९१८ नंतर सोडलं, घरी पोचायला आणखी वेळ गेला. १९१७ किंवा १९१८ सालचा जन्म नोंदलेला मुलगा-मुलगी निघाली तर अडीच वर्षांची कैद बसत नाही. मात्र शाळेतल्या तारखा बऱ्याचदा मास्तरांनी अंदाजानं लावलेल्या असत, म्हणून एका नोंदीवर निकाल देऊ नका. शिवाय शरणागतीनंतर लगेच हजारावर आजारी आणि जखमींची तुर्क कैद्यांशी अदलाबदल झाली होती, त्यांत हिंदी शिपाईच जास्त. ते १९१६ मध्येच परतले.

कैदेबद्दल लिहिताना भडक करू नका, सौम्यही करू नका. कैद्यांना बगदादवरून, समाऱ्यापासून पुढं वाळवंटातून चालवत मोसुलमार्गे नेलं. अधिकारी वेगळे काढले होते. टाउनशेंडला तर इस्तंबूलजवळच्या एका बेटावर पाहुण्यासारखं ठेवलं. हिंदी शिपायांपैकी बऱ्याच जणांना रास अल-ऐन इथं बगदाद रेल्वेच्या कामावर लावलं आणि तिथं उपासमार, ताप, हगवण यांनी माणसं गेली. पणजोबांच्या तोंडी 'रेल्वेचं काम', 'रुळ टाकले' असं काही होतं का, हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा. पण 'कैदेत रुळ टाकले का' असा प्रश्न करू नका, 'तिथं काय काम करायचे' असं विचारा. उत्तर तुम्हीच तोंडात घातलंत तर ते पुरावा राहत नाही.

बेळगावला काही मिळालं नाही याचं एक कारण वेगळंच आहे. १९२२ मध्ये या सगळ्या पलटणी ५ व्या महारट्टा लाइट इन्फन्ट्रीत एकत्र केल्या. १०३ झाली पहिली बटालियन, तीच जंगी पलटण. १०५ दुसरी, म्हणजे काळी पाचवी. ११० तिसरी, ११६ चौथी, ११७ पाचवी, आणि ११४ बेळगावची प्रशिक्षण बटालियन. तुमची तिसरी बटालियन पुढच्या युद्धात मार्च १९४१ ला एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरात लढली, मग इटलीत. १० जुलै १९४४ ला मोरलुपोच्या लढाईत मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे याच बटालियनचे. युद्धानंतर ती पॅराशूट बटालियन झाली, १९४८ मध्ये काश्मीरमधल्या झांगरच्या लढाईत होती, आणि १९५२ मध्ये मराठा रेजिमेंटमधून निघून पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन बनली. ११ डिसेंबर १९७१ ला आजच्या बांगलादेशातल्या टांगाइलला विमानातून उतरलेली, आणि १६ तारखेला ढाक्यात शिरलेल्या पहिल्या तुकड्यांपैकी एक, ती हीच २ पॅरा. कुटमध्ये उपाशी राहिलेली पलटण आणि टांगाइलची पलटण एकाच वंशावळीतली आहे, हे गावात बहुतेकांना माहीत नसेल. तेव्हा बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरखेरीज बंगळूरच्या पॅराशूट रेजिमेंट सेंटरलाही पत्र लिहा. पत्रात '११० वी, पुढे ३/५, आता २ पॅरा' असा पूर्ण माग द्या, नुसतं 'मराठा पलटण' लिहाल तर कारकून काय करील?

पलटणीची रोजची नोंद, म्हणजे वॉर डायरी, लंडनजवळ क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आणि काही प्रमाणात दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात मिळते. ती वाचायला हवी, पण त्यात पणजोबांचं नाव सापडेल ही आशा धरू नका. गोऱ्या अधिकाऱ्याचा पाय मुरगळला तरी नाव असतं, शिपाई मेला तर फक्त आकडा. जुन्या रेजिमेंटल इतिहासांचंही तेच, ते अधिकाऱ्यांनी अधिकाऱ्यांसाठी लिहिले. लढाईचा दिवस, हवामान, किती माणसं गेली, खंदक कुठं होता, यासाठी ते उत्तम. कैदेच्या शोधासाठी जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसच्या पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांच्या नोंदी ऑनलाइन बघता येतात. हिंदी नावांचं स्पेलिंग तिथं वाटेल ते झालेलं असतं, म्हणून 'जाधव' शोधताना सात-आठ तऱ्हांनी शोधा.

पुस्तिकेच्या मजकुराबद्दल माझं स्पष्ट मत आहे. पलटणीला मिळालेले सगळे युद्धसन्मान पणजोबांच्या नावाखाली ओळीनं छापू नका. सन्मान बटालियनचे असतात, आणि त्यातल्या प्रत्येक दिवशी तुमचा माणूस हजर होता असं कोणी म्हणू शकत नाही. 'कुट अल-अमारा' नावाचेही सन्मान वेगवेगळे आहेत, १९१५ च्या लढाईचा निराळा, वेढ्यातल्या बचावाचा निराळा आणि १९१७ मध्ये कुट परत घेतल्याचा निराळा. शेवटचा ११० वीच्या माथी मारू नका, तेव्हा तिची कुटमधली माणसं कैदेत होती. पुढची शर्कतची लढाई, ऑक्टोबर १९१८, ही ११४ व्या मराठ्यांची, आणि सप्टेंबर १९१८ ची पॅलेस्टाइनमधली मेगिद्दोची मोहीम १०५ व्यांची. गावातल्या इतर घरांत त्या पलटणींची पदकं असतील तर त्यांचा मजकूर वेगळा लिहा, एकाच 'मराठा शौर्या'च्या परिच्छेदात सगळ्यांना कोंबू नका.

आणि पाटीवर जे 'परत आले नाहीत' म्हणून नुसता आकडा आहे, त्यांची नावं शोधणं तुमच्या पणजोबांच्या शोधापेक्षा सोपं आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर माणसाच्या नावानं शोधू नका. पलटण निवडा, स्मारकाच्या जागी बसरा मेमोरियल निवडा. मेसोपोटेमियात मरण पावलेल्या आणि कबर माहीत नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक लोकांची नोंद तिथली आहे. त्या भिंतीवर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि शिपायांची फक्त संख्या, पण नोंदवहीत नावं आहेत. बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असा पत्ता असतो. गावाचं स्पेलिंग अडलं तर तालुक्याच्या नावानं चाळा. देशातच मेलेल्यांसाठी हेच देशातल्या स्मारकांच्या याद्यांत करा. यादी हाती आली की ती घेऊन गावात वाडीवाडीत फिरा, आणि नाव जुळलं तर त्या घराला विचारून मगच छापा.